कुंपणाच्या दोन ओळी

ते साल दोन हजार अठरा. मास्तरांच्या थोरल्या भावाला जाऊन त्या मार्चमध्ये नऊ महिने झाले होते, आणि वहिनींच्या दारावरच्या पाटीवर अजून दोन नावे होती. वर भावाचे, खाली वहिनींचे, आणि त्याखाली बारीक अक्षरात 'खाजगी तपास'.

पाटी रंगवणारा त्या आठवड्यात दोनदा येऊन गेला होता. वरचे नाव काढू, खालचे जरा मोठे करू, असे त्याचे म्हणणे. मास्तरांनाही ते पटले होते. आयुष्यभर त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली. पाटीवरची अक्षरे फिकट झालेली दिसली की त्यांना चैन पडत नसे.

"बघू," वहिनी म्हणाल्या होत्या. नऊ महिने त्या प्रत्येक गोष्टीला 'बघू' म्हणत होत्या.

घरात कोणी रडत नव्हते. दात काढण्याआधी सुई टोचतात, मग गाल आपला असून आपला वाटत नाही, तसे दोघांचे चालले होते. मास्तर खालच्या मजल्यावर राहत. रोज सकाळी दहाला वर येत, भावाच्या खुर्चीत न बसता शेजारच्या स्टुलावर बसत आणि अशिलांनी सांगितलेले वहीत उतरवून घेत. अशिलेही हल्ली आठवड्याला एखादेच.

बुधवारी त्या आठवड्याचे अशील आले. ते म्हणजे ती, पंचविशीतली एक मुलगी. खांद्याला पिशवी, केस कसेबसे बांधलेले. तिच्या ऑफिसात तिला 'धाकटी' म्हणत, कारण ती सगळ्यांत लहान.

तिने टेबलावर एक टाइप केलेले पत्र ठेवले.

"शुक्रवारी दुपारपर्यंत मला यावर सही करायची आहे," ती म्हणाली. "सही करण्याआधी मला एवढंच कळायला हवं. ते मी केलं की नाही?"

"तुला माहीत नाही?" मास्तरांच्या तोंडून निघून गेले.

"नाही, काका. आठवत नाही."

वहिनींनी पत्र वाचले. 'एकोणीस फेब्रुवारी रोजी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी माझ्या हातून नजरचुकीने झालेल्या बदलामुळे रुग्णाच्या जिवास धोका निर्माण झाला. याची संपूर्ण जबाबदारी माझी आहे.' खाली सहीपुरती जागा.

"आता नीट सांग," वहिनी म्हणाल्या. "आणि आम्हा दोघांना कॉम्प्युटरातलं काही कळत नाही असं समजून सांग."

तिने सांगितले. एकाच सुरात, जणू दुसऱ्या कुणाची हकिगत. तिच्या ऑफिसात चारच माणसे. हॉस्पिटलात रुग्णाच्या पायाशी जी औषधांची स्लिप लावतात, ती छापणारा प्रोग्राम ते तयार करतात. त्या स्लिपचा एक साचा असतो.

"छापील अर्जात नाव, वय असं लिहून पुढे जागा सोडलेली असते ना, तसं. इथे ती जागा मशीन भरतं. जागा कुठे आहे ते मशीनला कळावं म्हणून दोन महिरपी कंस चिकटून उघडायचे, मध्ये काय हवं ते, आणि दोन कंस चिकटून मिटायचे."

"आणि कंस सुटे झाले तर?"

"तर मशीनला ती जागा दिसतच नाही. कोरी राहते."

स्लिपच्या वर एक लाल चौकट असते; चिकटलेले कंस तेवढ्या चौकटीतच, बाकीच्या जागा मशीन दुसऱ्या रीतीने भरते. रुग्णाला जे औषध सोसत नाही त्याचे नाव त्या चौकटीत येते. वीस फेब्रुवारीला सकाळी एका बासष्ट वर्षांच्या सुताराच्या स्लिपवर ती चौकट कोरी आली. भरती होतानाच त्याने सांगितले होते, नोंदही होती. पण नर्सला कोरी चौकट दिसली, तिने इंजेक्शन दिले. पंधरा दिवस झाले, सुतार अजून शुद्धीवर नव्हता.

"कंस सुटे कोणी केले?" मास्तरांनी विचारले.

"इस्त्रीने."

मास्तरांचे पेन थांबले.

"आम्ही तसं म्हणतो," ती म्हणाली. "तो एक प्रोग्राम आहे. फाइल जतन केली की आपोआप फिरतो. ओळी सरळ करतो, लांब ओळ मोडतो, तोकड्या ओळी जोडतो. सगळं परीटघडीचं. पण साच्यातलं त्याला काही कळत नाही. चिकटलेले कंस त्याला चूक वाटते. तो ते सुटे करतो."

"म्हणजे खिशात चष्मा असला तरी वरून इस्त्री फिरवणारा," वहिनी म्हणाल्या.

"हो. म्हणून साच्याला कुंपण घालतात. वर एक ओळ, इथून इस्त्री नको. खाली एक ओळ, इथून चालेल. एकोणीस तारखेला कुणीतरी त्या दोन्ही ओळी काढल्या. बदलांच्या यादीत त्या बदलापुढे माझं नाव आहे."

"आमच्या प्रेसमध्येही होतं हे," वहिनी हळूच म्हणाल्या. या कामात पडण्याआधी त्यांनी सव्वीस वर्षे एका छापखान्यात प्रुफे तपासली होती. "कंपोझिटर जास्त हुशार निघाला की लेखकाने मुद्दाम वाकडं लिहिलेलंही सरळ करून टाकायचा. मग आम्ही शब्दाखाली ठिपके द्यायचो आणि समासात लिहायचो, 'आहे तसे'. ठिपके दिलेल्या शब्दाला हात लावायची कुणाची छाती नव्हती."

मग त्या मुलीकडे वळल्या.

"एकोणीस तारखेला दुपारी एकला तू कुठे होतीस?"

"माझ्या खुर्चीत. डबा उघडला नव्हता. समोर बघत होते. किती वेळ, माहीत नाही." ती थांबली. "चार तारखेला आई गेली. आठ तारखेला मी कामावर आले. तेव्हापासून हात आपले आपण चालतात. म्हणून म्हणते, केलंही असेन मी."

"मग सही करून मोकळी का होत नाहीस?"

पहिल्यांदाच तिने मान वर केली. "सही केली तर ते सुतारकाका माझे झाले. जन्मभराचे. मी केलं असेल तर होऊ देत. नसेल तर नको."

मास्तरांनी ते वाक्य वहीत जसेच्या तसे उतरवले. काय वाटायला हवे ते त्यांना कळत होते, पण वाटत नव्हते.

*

ऑफिस सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होते. जिन्याला रबराचा वास. वर एक लांबट खोली, तीन टेबले, भिंतीवर पांढरा पडदा आणि टोकाला काचेची केबिन. धाकटीने आपले टेबल दाखवले. छोटासा लॅपटॉप, त्यावर ठसठशीत अक्षरे, ओळी आखूड, पडद्याच्या कडेआतच संपलेल्या.

"इतकी मोठी अक्षरं?" वहिनींनी विचारले.

"डोळे दुखतात. इस्त्रीला सांगून ठेवलंय, ऐंशी अक्षरांच्या पुढे ओळ नेऊ नकोस. पहिल्यापासून तसंच आहे."

पलीकडच्या टेबलावरच्या बाईंचा पडदा उभा होता, आरशासारखा. स्लिपा तपासणे हे त्यांचे काम. त्यांच्या हातून एक खडा सुटत नाही म्हणून ऑफिसने त्यांना 'चाळणीबाई' करून टाकले होते.

"एकोणीसला सकाळी अकराला मी बारा नमुने छापले," त्यांनी फाइल पुढे सरकवली. "ही बघा लाल चौकट. भरलेली. बाराच्या बारा. खाली माझी सही."

"दुपारी परत तपासलं नाहीत?"

"तपासू कधी? तीनला हॉस्पिटलची मंडळी येणार, म्हणून सकाळपासून झाडलोट. मालक मला म्हणाले, बाई, तुमचे कागदांचे गठ्ठे उचला आधी, बरं दिसत नाही. आणि मध्येच कोणी काही बदललं तर मला स्वप्न पडणार आहे का? बदल पाठवला की संध्याकाळी आपोआप हॉस्पिटलात पोचतो."

"साच्यात तुम्ही बदल करू शकता?"

"मला नुसतं बघायची परवानगी. पंधरा वर्षं खडे वेचते आहे, तांदळाला हात लावायची सोय नाही." मग आवाज खाली आणून, "पोरीनं मुद्दाम नाही हो केलं. आई गेल्यापासून ती चालत्या माणसासारखी चालते, एवढंच."

तिसरे टेबल 'गुरुजीं'चे. पन्नाशीचे, ऑफिसातले सगळ्यांत जुने प्रोग्रामर. त्यांचा पडदा खिडकीएवढा रुंद, आणि त्यावरच्या ओळी वेड्यावाकड्या. काही तर उजव्या कडेबाहेर निघून गेलेल्या.

"कुंपण कोणी घातलं होतं?" वहिनींनी विचारले.

"मी. तीन वर्षांपूर्वी. असंच एकदा कंस फुटले होते, तेव्हा."

"आणि का घातलं, ते लिहिलंत?"

"कुठे?"

"तिथेच. कुंपणाशेजारी."

गुरुजींनी चष्मा काढला. "त्यात लिहायचं काय? इथे सगळ्यांना ठाऊक आहे."

"तुमची इस्त्री ओळ किती रुंद ठेवते?"

"माझ्या मशीनवर इस्त्रीच नाही. माझे कपडे मी उशीखाली ठेवून घडी करतो." ते स्वतःच हसले, मग एकटेच हसत आहोत हे लक्षात येऊन थांबले. "रुंदी ज्याची त्याने ठरवायची. तीच तर या चौघांच्या संसाराची गंमत."

"यादीत नाव येतं ते कसं? सही करता का प्रत्येक वेळी?"

"छे. मशीन पहिल्यांदा लावताना त्यात एक नाव घालतात. मग त्या मशीनवरून जो बदल जाईल त्याला ते आपोआप चिकटतं."

वहिनींनी दोन कागद मागितले. एक, त्या बदलाचा, बदलाआधीचा साचा आणि नंतरचा शेजारी शेजारी. दुसरा, फेब्रुवारीत धाकटीच्या नावावर लागलेल्या सगळ्या बदलांची यादी. गुरुजींनी छापून दिले. मास्तरांनी तारखा वहीत उतरवल्या. बारा, तेरा, पंधरा, सोळा, एकोणीस. सोळाला स्लिपच्या तळाशी ऑफिसचा फोन नंबर बदलला होता, एवढीच किरकोळ नोंद.

केबिनमध्ये मालक उठून उभे राहिले. पंचेचाळिशी, इस्त्रीचा सदरा, टेबलावर पेन आणि पेन्सिल एका रेषेत. त्यांनी दोघांना पाणी दिले, पंखा वाढवला.

"मलाही झोप नाही," ते म्हणाले. "पोरीचं वाईट व्हावं असं मला कसं वाटेल? सही केली की प्रकरण ऑफिसातच मिटवतो. पोलिसांत जात नाही, दुसरीकडे नोकरीसाठी चांगलं पत्र देतो. आणखी काय करू?"

"साच्याबद्दल तुम्हाला माहिती आहे?"

"पहिला साचा माझ्या हातचा, बाई! पण आता सात वर्षं झाली, कोडला हात लावला नाही. नुसती माणसं सांभाळतो."

"ती इस्त्री म्हणजे काय ते आम्हाला एकदा बघायचं होतं."

"त्यात काय, हे बघा." त्यांनी एक जुनी फाइल उघडली, दोन ओळी मुद्दाम वाकड्या केल्या आणि एक बटण दाबले. पडद्यावरची अक्षरे कवायतीतल्या पोरांसारखी टुणकन जागेवर गेली. ओळी लांबच लांब, जवळजवळ उजव्या कडेपर्यंत. "बघा, डोळ्यांना किती बरं वाटतं! रुंदी मीच वाढवून घेतली. तोकड्या ओळी मला बघवत नाहीत. पसारा तर मुळीच नाही."

"मशीन नवं दिसतंय."

"महिन्याचं. धाकटीनेच लावून दिलं. आई जाऊन चार दिवस झाले होते, पण आल्या आल्या पहिलं हेच केलं. कामाची पोर आहे हो."

"आणि एकोणीसला हॉस्पिटलच्या मंडळींना काय दाखवलंत?"

"काम कसं चालतं ते. बाहेरच्या पडद्यावर साचा लावला होता, वरपासून खालपर्यंत." मालकांनी पेन्सिल केसभर सरळ केली. "खूश होऊन गेले ते."

जिना उतरताना वहिनींनी धाकटीला विचारले, "कामावर परत आल्यापासून सुट्टी घेतलीस?"

"एकच दिवस. सोळाला. आईचं कपाट रिकामं केलं. मावशी म्हणाली, आवरून टाक, बरं वाटेल."

"वाटलं?"

"काहीच वाटलं नाही."

वहिनींनी मान हलवली. त्यांच्या घरी मास्तरांच्या भावाचा चष्मा अजून खिडकीत, तो ठेवून गेला तिथेच होता.

*

गुरुवारी सकाळी मास्तर वर आले तेव्हा वहिनी खिडकीपाशी बसून पेन्सिलीच्या टोकाने कागदावर एक एक अक्षर टिपत होत्या. ओठ हलत होते.

"काय करता?"

"मोजते. बोलू नका, भाऊजी, चुकेल."

मास्तरांनी पाऊण तास वाट पाहिली. त्यांच्या मनाने गुरुजींना केव्हाच फासावर चढवले होते. ज्याने कुंपण घातले त्यालाच ते कुठून मोडायचे हे ठाऊक असणार. शिवाय रुंद पडदा, तिरकस बोलणे. त्यांनी तसे सांगितले.

"ज्याला कुंपण का घातलं ते माहीत आहे, तो ते काढील कशाला?" वहिनी म्हणाल्या.

"वैर?"

"त्यांना वैर करायचा कंटाळा आहे. घडी करायचाही कंटाळा आहे." त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात दोन आकडे लिहिले आणि त्यांभोवती गोल काढला. ऐंशी. एकशे अठरा. "तुमची वही द्या जरा."

त्यांनी तारखांवरून बोट फिरवले. एके ठिकाणी थांबल्या. मग वही मिटून परत दिली.

"कळलं?" मास्तरांनी विचारले.

"तुम्ही सगळं लिहून ठेवलंय," वहिनी म्हणाल्या. "नुसतं वाचायचं राहिलंय."

मास्तरांनी त्या दिवशी वही तीनदा वाचली. काही उमगले नाही.

*

शुक्रवारी अकरा वाजता चौघेही ऑफिसात होते. मालकांनी पत्र मधल्या टेबलावर ठेवले होते, पेन टोपण काढून शेजारी. धाकटी खुर्चीत, हात मांडीवर.

"सही होण्याआधी मला पाच मिनिटं द्या," वहिनी उभ्या राहून म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांनी एक गृहीत धरलंत. यादीत नाव धाकटीचं, म्हणजे हात धाकटीचा. तिनेही तेच धरलं. पण गुरुजींनीच मला सांगितलं, नाव म्हणजे सही नव्हे. मशीन लावताना घातलेला शिक्का आहे तो. तेव्हा मी नावाकडे बघायचं सोडलं आणि अक्षरांकडे बघितलं. मला तेवढंच येतं."

त्यांनी छापलेला कागद वर धरला.

"ही डावी बाजू, बदलाआधीची. इथे एकही ओळ ऐंशी अक्षरांपुढे नाही. ही उजवी, इस्त्री फिरल्यानंतरची. इस्त्रीने नुसते कंस फोडले नाहीत, तोकड्या ओळी जोडल्याही. सगळ्यांत लांब ओळ एकशे अठरा अक्षरांची. दोनदा मोजली. धाकटीची इस्त्री ऐंशीला ओळ तोडते. म्हणजे हे तिच्या मशीनवर झालेलंच नाही. तिच्या खुर्चीत दुसरं कोणी येऊन बसलं असतं, तरी ओळी ऐंशीलाच तुटल्या असत्या."

गुरुजींनी हात पुढे केला, कागद घेतला, एक ओळ बोटाने मोजू लागले. मोजता मोजता खाली बसले.

"आता उरले तिघे. चाळणीबाईंना साच्याला हात लावायची परवानगी नाही. गुरुजींचा पडदा रुंद, पण तिथे इस्त्रीच नाही. त्यांच्या ओळी कडेबाहेर लोंबताना आम्ही डोळ्यांनी पाहिल्या. रुंद ओळीची इस्त्री या ऑफिसात एकाच मशीनवर आहे. आणि ती रुंदी आपण स्वतः वाढवली, असं त्यांनी आपणहून सांगितलं. सात वर्षं कोडला हात न लावणाऱ्या माणसाने."

"मी नुसता वाचतो," मालक म्हणाले. आवाज शांत होता. "वाचायला रुंद लागतं. आणि माझ्या मशीनवरून बदल गेला असता तर यादीत माझं नाव आलं असतं."

"तेच बघू या. गुरुजी, साहेबांच्या मशीनवर बसा. एका रिकाम्या फाइलीत आजची तारीख लिहा आणि पाठवा. धाकटे, तू उठू नकोस. हात मांडीवर ठेव, सगळ्यांना दिसू देत. बाई, तुम्ही यादी भिंतीवर लावा."

गुरुजी केबिनच्या दारापर्यंत गेले. मालक दारात उभे होते. क्षणभर दोघे समोरासमोर राहिले, मग मालक बाजूला सरकले. आत तीन-चार बटणे वाजली.

भिंतीवरच्या यादीत एक नवी ओळ उमटली. आजची तारीख. अकरा वाजून चौदा मिनिटे. पुढे धाकटीचे नाव.

धाकटी आपल्या हातांकडे बघत होती.

"आठ तारखेला तिने हे मशीन लावलं," वहिनी म्हणाल्या. "एरवी तिने तुमचं नाव विचारून घातलं असतं. त्या दिवशी हात आपले आपण चालत होते. स्वतःच्या मशीनवरची ओळख उचलून इकडे टाकली आणि बदलायची राहिली. तेव्हापासून तुमचा प्रत्येक बदल तिच्या नावावर. सोळाला फोन नंबर बदलला, तोही. सोळाला धाकटी ऑफिसात नव्हतीच, घरी आईचं कपाट रिकामं करत होती. ही नोंद सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती."

मास्तरांनी नकळत वही उघडली. बारा, तेरा, पंधरा, सोळा. त्यांच्याच अक्षरात.

"तीनला पाहुणे येणार होते," वहिनी पुढे म्हणाल्या. "साचा या पडद्यावर लागणार होता. तुम्ही एकदा डोळ्यांखालून घालायला उघडला. आणि मध्ये दोन विचित्र ओळी दिसल्या."

मालक टेबलाशी आले. मग त्यांनी टेबलावरच्या पेनाला टोपण लावले.

"कचरा वाटला," ते म्हणाले. "कुणाच्या तरी राहून गेलेल्या ओळी. का आहेत ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. काढल्या, जतन केलं, सगळं कसं सुरेख बसलं. दोन मिनिटांचं काम."

गुरुजींनी मान खाली घातली.

"आणि यादीत तिचं नाव बघितलंत, तेव्हा?"

"मला वाटलं, ती नाही म्हणेल. तिने नाही म्हटलं की मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो." त्यांनी धाकटीकडे पाहिले नाही. "ती म्हणाली, आठवत नाही."

"आणि तुम्ही टाइप करायला बसलात," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. नऊ महिन्यांत तो कशानेच चढला नव्हता. "दोन ओळी काढल्यात ती चूक. कुणाच्याही हातून झाली असती. या पत्राच्या अकरा ओळी लिहिल्यात, ती चूक नव्हे."

खाली कोणीतरी सायकलची घंटा वाजवून बघत होते.

"म्हणजे मी नव्हते," धाकटी म्हणाली.

"नव्हतीस."

"पण त्या मशीनवर माझं नाव मीच घातलं."

"ते तू केलंस. ती चूक तुझी, आणि तेवढीच. तेवढीच उचल."

तिने पत्र उचलले, घडी केली, पिशवीत टाकले. मग विचारले, "सुतारकाकांना भेटू देतील का?"

"मी येते तुझ्याबरोबर," चाळणीबाई म्हणाल्या, आणि पदराने नाक पुसत आपला डबा शोधू लागल्या.

*

मालकांनी त्याच दुपारी हॉस्पिटलला आपल्या सहीचे पत्र दिले. चौकशी दोन वर्षे चालली. ऑफिस त्यांच्या हातून गेले. पुढे ते एका कागदाच्या दुकानात काम करताना दिसत, रिमे एकावर एक अगदी काटकोनात रचलेली.

ऑफिस गुरुजींनी आणि चाळणीबाईंनी मिळून चालवले. स्लिपवरची लाल चौकट तेव्हापासून कधी कोरी जात नाही. सांगण्यासारखे काही नसेल तर तिच्यात 'निरंक' छापून येते. ती सूचना वहिनींची. कोरी जागा कुणीही काहीही वाचतो, असे त्या म्हणत. चाळणीबाईंना साच्याला हात लावायची परवानगी मिळाली. त्यांनी ती कधी वापरली नाही.

सुतार तेविसाव्या दिवशी शुद्धीवर आला. जीव वाचला, पण उजव्या हाताची थरथर राहिली ती राहिलीच. करवत सुटली. त्याची मुलगी लाकूड कापू लागली आणि तो काचकागदाने घासू लागला. घासायला थरथर चालते. धाकटी दर महिन्याला त्याच्याकडे जाई. पहिल्या वेळी काय बोलली कोण जाणे, पण परत येताना तिच्या हातात एक छोटी फळी होती आणि जिन्यात बसून ती पाऊण तास रडली, असे चाळणीबाई सांगत. आई गेल्यानंतरचे ते पहिले रडणे. पुढे ती दुसऱ्या मोठ्या ऑफिसात लागली. तिथे ती जिथे जिथे कुंपण घालते, तिथे वर आणखी चार ओळी लिहिते. या ओळी का आहेत, काढल्या तर काय होते, आणि एकदा काय झाले होते.

पाटी रंगवणारा त्या शुक्रवारी संध्याकाळी तिसऱ्यांदा आला होता. मास्तर त्याला घेऊन वर गेले. दाराशी दोघेही थांबले. भावाच्या नावाखाली कोणीतरी खडूने बारीक ठिपके दिले होते, आणि पाटीच्या कडेला दोन शब्द होते. आहे तसे.

"हे काय आता?" त्याने विचारले.

"हात लावायचा नाही," मास्तर म्हणाले. त्यांना वाटले होते त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. "वरून तेवढं वॉर्निश मारा. ठिपक्यांसकट."

वहिनी पाच वर्षांनी गेल्या. मास्तर अजून खालच्या मजल्यावर राहतात, रोज सकाळी दहाला वर जाऊन खिडकी उघडतात आणि शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन चष्म्यांवरची धूळ पुसतात. पाटीवर अजून दोन नावे आहेत. खालच्या नावाचे ठिपके त्यांनी स्वतः दिले. चित्रकलेचे मास्तर, म्हणून सगळे एका रेषेत, सारख्या अंतरावर. एक मात्र जरा खाली गेला आहे, हात हलला तेव्हाचा.

तो त्यांनी तसाच ठेवला.